सहावी सूना

आमच्या कोठीच्या खोलीत दादरची दोन पोती असतात. दादर म्हणजे तापीखोऱ्याच्या काळ्या जमिनीत रब्बीला येणारी ज्वारी. तिची भाकरी खाऊन वाढलेल्या माणसाला दुसरी ज्वारी चालते, आवडत नाही. या दोन पोत्यांवर घरातली आम्ही दोघं जगतो, भिंतीतले उंदीर जगतात आणि मागच्या अंगणातल्या चिमण्या जगतात. मांजराला ज्वारीशी काही घेणं नाही, पण आमच्याकडे ते आलं ते ज्वारीमुळेच. उंदरांनी पोत्याला खालून भोक पाडून अर्धी पायली दाणे जमिनीवर आणले, तेव्हा ह्यांनी एका केळीच्या वखारीतून कापडी पिशवीत घालून एक पिल्लू आणलं. राखाडी, पोटाशी पांढरं. त्याचं नाव मनी. मांजरीला दुसरं काही नाव असू शकतं हे आम्हाला सुचलंच नाही.

म्हणजे ज्वारी आली म्हणून उंदीर आले, उंदीर आले म्हणून मांजर आलं. आणि त्याच ज्वारीची मूठ मी रोज सकाळी अंगणात टाकते म्हणून चिमण्या येतात. ही साखळी इतकी सरळ आहे की तिचं दुसरं टोक मला सात वर्षं दिसलं कसं नाही, याचंच आता आश्चर्य वाटतं.

दाणे टाकायचा वसा सासूबाईंचा. त्यांना आम्ही सगळे माय म्हणायचो. त्या होत्या तेव्हा फैजपुरातलं आमचं घर धाब्याचं होतं, वर मातीचं छत, आत लाकडी सऱ्या, आणि सऱ्यांच्या सांध्यासांध्यात चिमण्यांची घरटी. पहाटे चूल पेटायच्या आधी माय मूठभर दादर अंगणात फेकायच्या आणि मगच काटवटीत पीठ घ्यायच्या. मी नवी नवी विचारलं होतं, तर म्हणाल्या, ‘‘पाखराईचं पोट भरलं म्हनजे मंग आपुन खावा.’’ यापलीकडे त्यांनी कधी तत्त्वज्ञान सांगितलं नाही. धाबं पाडून स्लॅब टाकला तेव्हा सऱ्या गेल्या, घरटी गेली. माय त्या दिवशी जेवल्या नाहीत. मग ह्यांनी ट्यूबलाइटच्या पट्टीमागे एक खोकं ठोकून दिलं. दोन महिन्यांनी त्यात काड्या दिसल्या, तेव्हा कुठे त्यांचा चेहरा उजळला. त्या गेल्यावर मूठ माझ्या हातात आली.

आमचं मागचं अंगण काही बागबगीचा म्हणावा असं नाही. एक पेरू, एक कढीलिंब, जास्वंदीचं झुडूप, आणि भिंतीपलीकडे दुसऱ्यांचा केळीचा बाग. केळीची फुलं उमलली की शिंजीर भिंतीवरून ये-जा करतो. पेरूवर बुलबुल, जमिनीवर साळुंक्या, होले, आणि सातभाईंची ती कायम भांडणारी टोळी. उन्हाळ्यात इथे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. मे महिन्यात दुपारी पक्षी चोच उघडी टाकून बसतात, म्हणून मी मातीच्या परळात पाणीही ठेवते. पाणी आणि दाणे एकाच जागी, जास्वंदीजवळ, कारण तिथे सावली असते.

सावलीत मांजरही बसतं.

चैत्रातली सकाळ होती. मी दाणे टाकून आत वळले आणि मागे पंखांचा एकच फडफडाट झाला. वळून पाहिलं तर मनीच्या तोंडात होला. होला हा किती गरीब पक्षी! एरवीसुद्धा त्याचं घुमणं ऐकलं की कोणी दूर बसून कण्हतंय असं वाटतं. मी ओरडले, झाडू फेकला, मनी भिंतीवरून पलीकडे गेली. जास्वंदीखाली चार पिसं आणि माझीच टाकलेली ज्वारी. दाणे जसेच्या तसे होते. होल्याने एकही टिपला नव्हता.

मी काही लहान नाही. शाळेच्या ग्रंथालयात तीस वर्षं नोकरी केली, आता निवृत्त आहे. मांजर पक्षी खातं ही काही बातमी नव्हे. पण त्या सकाळी मला जे दिसलं ते वेगळं होतं. जास्वंदीचं दाट झुडूप, त्याच्या पुढ्यात दाणे, रोज ठरलेल्या वेळी. याला आपल्या भाषेत काय म्हणतात? पुण्य करणाऱ्या बाईलाही आपण ‘दाणे टाकते’ म्हणतो, आणि जाळं पसरणाऱ्या फासेपारध्यालाही ‘दाणे टाकतो’ म्हणतो. हितोपदेशातल्या चित्रग्रीवाची गोष्ट मी पोरांना कितीदा वाचून दाखवली असेल. निर्जन रानात तांदळाचे कण कसे आले, असा प्रश्न तो कबुतरांचा राजा विचारतो, आणि बाकीची कबुतरं न ऐकता खाली उतरतात. माझ्या अंगणात असा प्रश्न विचारणारं कोणी नव्हतं. सात वर्षांच्या सवयीने त्यांचा संशय मीच मारला होता.

इथून माझं वाचन सुरू झालं. निवृत्त ग्रंथपालाला दुःख झालं की ती पुस्तक काढते, यापेक्षा बरं औषध मला ठाऊक नाही.

पाखरांना घास देण्याचं मूळ शोधत गेलं की आपण पंचमहायज्ञांपाशी येतो. देव, पितर, ऋषी, माणसं आणि भुतं, म्हणजे प्राणिमात्र, या पाचांना रोज काहीतरी द्यायचं. त्यातला शेवटचा भूतयज्ञ. आमच्याकडे अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांसाठी घागर भरतात, विस्तवावर आगारी टाकतात, कावळ्याचा घास काढतात. ते सगळं याच घराण्यातलं. पण हे यज्ञ का करायचे, याचं मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात दिलेलं कारण मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा थबकले. हा ग्रंथ मी डोक्यावर घेणाऱ्यांतली नाही. १९२७ साली तो महाडला का जाळला गेला ते मला नीट कळतं, आणि बाईबद्दल त्यात जे लिहिलंय ते वाचलं की पुस्तक मिटावंसं वाटतं. तरी हे एक निरीक्षण बिनतोड आहे. गृहस्थाच्या घरात पाच सूना असतात, असं तिथे म्हटलंय. सूना म्हणजे कत्तलखाना. चूल, जातं, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा माठ. या पाच जागी रोज नकळत जीव मरतात, आणि त्याची फेड म्हणून पाच यज्ञ. (मी हे ह्यांना वाचून दाखवलं तर त्यांनी ‘पाच सुना’ असं ऐकलं आणि म्हणाले, ‘‘एकाच सुनेनं आपलं घर हललं होतं, पाच कुठून आणायच्या?’’)

विनोद बाजूला ठेवू. स्वयंपाकघराकडे पाहून ‘कत्तलखाना’ म्हणायला छाती लागते. आणि त्या हिशोबाने माझी ज्वारीची मूठ ही दानाची मूठ नव्हतीच; ती फेड होती. चुलीत जळलेल्या किड्याची, केरसुणीखाली गेलेल्या मुंगीची. आता ही फेडच जर नवी कत्तल करत असेल तर? पाच सूनांची भरपाई करायला म्हणून मी जास्वंदीखाली सहावी सूना उघडली होती, आणि तिच्यावर कसाई म्हणून माझीच मनी बसवली होती.

त्याच अध्यायात बळी कोणाकोणाला द्यायचा याची यादी आहे. कुत्री आहेत, कावळे आहेत, किडे आहेत, रोगी आणि समाजाने बाहेर टाकलेली माणसं आहेत. मांजर नाही. आपल्या परंपरेचं मांजराशी फारसं जमलं नाही. खंडोबाबरोबर कुत्रा असतो. नामदेवांच्या गोष्टीत भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावतात. मांजर मात्र ढोंग्यांच्या गोष्टीत येतं. हितोपदेशातला दीर्घकर्ण चांद्रायण व्रताची थाप मारून आंधळ्या गिधाडाच्या ढोलीत शिरतो आणि पाखरांची पिल्लं खातो. दांभिकाला तर शास्त्रात शब्दच ‘बैडालव्रतिक’. आणि तरीही मांजर मेलं तर पाप इतकं मोठं की सोन्याचं मांजर करून काशीला दान द्यावं लागतं, असं माझी आजी बजावायची. मेलेल्या होल्यासाठी सोन्याचा होला कोणी सांगितलेला नाही.

मला हा अन्याय वाटतो, आणि तो मांजरावरचाही आहे. ढोंग करायला दोन मनं लागतात. मनीला एकच आहे.

पहिली मोठी चूक मी तिथेच करत होते: मनीवर रागावले होते. दोन दिवस तिला जवळ घेतलं नाही. तिने दूध-भाकरी खाल्ली आणि पुन्हा भिंतीवर जाऊन बसली. आमचं घर शाकाहारी. माळ घातलेल्या माणसाच्या घरात मांजर दूध-भाकरीवरच वाढतं, आणि आम्हाला त्याचा थोडा अभिमानही असतो. ‘आमची मनी अगदी सात्त्विक.’ नंतर वाचलं की मांजराच्या जिभेला गोडाची चव कळतच नाही. आणि टॉरिन नावाचा एक घटक असतो, तो मांजराच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही. तो मांस-मासळीतूनच यावा लागतो. न मिळाला तर डोळे जातात, हृदय कमकुवत होतं. म्हणजे आम्ही तिला सात्त्विक ठेवत नव्हतो, अर्धपोटी ठेवत होतो, आणि उरलेलं अर्धं पोट ती माझ्या अंगणात भरून घेत होती. माझ्या शाकाहाराचा खर्च होल्याने भरला.

हे कळल्यावर माझ्या मनात जी घालमेल झाली ती सांगायला शब्द कमी पडतात. मांजराला मासळी आणावी, तर घरात मासळी. न आणावी, तर अंगणात होला. महाभारताच्या वनपर्वात ससाण्याची आणि कबुतराची गोष्ट आहे. ती तिथे एकदा उशीनराच्या नावावर येते आणि एकदा त्याच्या मुलाच्या, शिबीच्या. आपण ती राजाच्या त्यागासाठी सांगतो, पण मला आता तिच्यातला ससाणा महत्त्वाचा वाटतो. तो राजाला म्हणतो की तू एकाला वाचवून मला मारतोस, माझ्या पिल्लांना मारतोस. जो धर्म दुसऱ्या धर्माच्या आड येतो तो धर्म नव्हे. शिकाऱ्याची भूक हीदेखील भूक आहे, हे इतकं सरळ सांगितलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही. राजाला ते पटतं. म्हणून तर तो ससाण्याला हाकलत नाही, तराजू मागवतो.

शिबीने स्वतःची मांडी कापली. मी काय केलं, तर मुलीला पुण्याला फोन केला. तिने मांजराच्या कोरड्या खाऊचं पुडकं पाठवलं. त्यावर मासळीचं चित्र होतं. ह्यांनी ते गोठ्याच्या जागी, जिथे आता मोटरसायकल असते, तिथे पत्र्याच्या डब्यात ठेवलं, स्वयंपाकघरात नको. होला वाचवण्यासाठी मी तराजूत स्वतःचं मांस नाही टाकलं, कुठल्या तरी समुद्रातल्या मासळीचं टाकलं. आणि मासळी मला दिसत नाही, तिचं घुमणं मला ऐकू येत नाही, एवढाच काय तो फरक. हे मी स्वतःपासून लपवत नाही.

आमच्या बाजारात मारवाडी जैनांची जुनी दुकानं आहेत. ज्यांच्याकडून मी वर्षानुवर्षं किराणा घेते त्या शेठजींना मी हा प्रश्न विचारला. ते तेरापंथी. राजस्थानात १७६० साली आचार्य भिक्षूंनी हा पंथ स्थापला, आणि दया म्हणजे नेमकं काय यावरून त्यांचा इतर जैनांशी मोठा वाद झाला. त्या वादातलं नेहमीचं उदाहरणच मांजराचं आणि उंदराचं आहे. मांजराच्या तोंडून उंदीर सोडवला तर ती दया लौकिक. माणसाने करावी, जगात तिला चांगलं म्हणतात. पण मोक्षाच्या वाटेवरची दया ती नव्हे, कारण तिथे एकावर माया आणि दुसऱ्यावर जोर आहे. अहिंसा म्हणजे मी स्वतः हिंसा न करणं. जगातल्या प्रत्येक तोंडातला घास काढत फिरणं नव्हे. शेठजी गूळ बांधता बांधता इतकं सांगून म्हणाले, ‘‘ताई, मांजराचं कर्म मांजराचं. तुमचं काय ते बघा.’’

पहिल्यांदा हे मला कोरडं वाटलं. समोर जीव तडफडतोय आणि तुम्ही हिशोबाच्या वह्या काढता? जैनांचाच दुसरा हात मला जवळचा वाटला. दिल्लीला लाल किल्ल्यासमोर लाल मंदिर आहे, त्याच्या आवारात पाखरांचा, १९२९ साली सुरू झालेला, धर्मादाय दवाखाना चालतो. पतंगाच्या मांज्याने कापलेली, पंख्यात सापडलेली कबुतरं तिथे बरी करून सोडून देतात. पण घार-ससाणा आला तर मलमपट्टी करून परत पाठवतात. भरती करून घेत नाहीत, कारण त्यांना मांस द्यावं लागेल. म्हणजे गाठ तीच. करुणेच्या घरातही शिकाऱ्याला खाट नाही. मी गावातल्या गावात जे करत होते, तेच ते राजधानीत मोठ्या प्रमाणावर करतात: मांजराला दूध-भाकरी, घारीला मलमपट्टी.

पण शेठजींचं शेवटचं वाक्य डोक्यातून जाईना. तुमचं काय ते बघा.

उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या आहे. तिच्यात ‘मारणं’ याइतकाच भर ‘प्रमाद’ या शब्दावर आहे. प्रमाद म्हणजे गाफीलपणा, बेसावधपण. जपून चाललेल्या मुनीच्या पायाखाली मुंगी आली तर ती हिंसा वेगळी, आणि न बघता चालणाऱ्याच्या पायाखाली मुंगी न आली तरी तो हिंसक. मी सात वर्षं न बघता दाणे टाकत होते. हेतू शुद्ध होता, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं. पण झुडपाच्या सावलीत पाणी ठेवताना मी चिमणीच्या उन्हाचा विचार केला, चिमणीच्या पाठीचा केला नाही.

हे सगळं मी शेजारच्या जिजींना सांगितलं. आमच्या भागात महानुभाव पंथाची घरं पुष्कळ, जिजी त्या पंथाचा उपदेश घेतलेल्या. भेटलं की नमस्कार नाही, ‘दंडवत प्रणाम’. त्यांना लीळाचरित्रातल्या लीळा तोंडपाठ, आणि वाटाणे सोलता सोलता त्यांनी मला सशाची लीळा सांगितली. ती मीही शाळेत शिकले होते, पण ऐकली नव्हती म्हणा. चक्रधरस्वामी झाडाखाली बसलेत. पारध्यांनी सशामागे कुत्री सोडलीत. ससा दमून स्वामींच्या मांडीखाली येऊन शिरतो. कुत्री येतात आणि उभी राहतात. मागून पारधी येतात, ससा मागतात. म्हणतात, हा होडेचा ससा आहे, यावर पैज लागलीय. स्वामी म्हणतात, तो इथे शरण आलाय. आणि मग पारध्यांना समजावतात, की गवत खाऊन, पाणी पिऊन रानात राहणाऱ्या जिवाला का मारता.

जिजींनी एक शेंग फोडली आणि म्हणाल्या, ‘‘आता सांग, स्वामींनी कुत्र्याईले काय सांगतलं?’’

मी आठवून पाहिलं. काहीच नाही.

‘‘मंग? कुत्र्याईले काय बोलनार? बोलायचं ते त्याईच्या धन्याले.’’

हे मी आजवर वाचलेल्या सगळ्या भाष्यांपेक्षा नेमकं होतं. आणि त्यात आणखी एक गोष्ट दडलेली होती: तो होडेचा ससा होता. पारध्यांना भूक नव्हती, खेळ होता. मनीचंही काही अंशी तसंच. पोट भरलेलं मांजर शिकार करतंच, कारण दबा धरणं आणि भूक या मांजरात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रानातल्या बिबट्याच्या शिकारीला जंगलाचा हिशोब आहे. आमच्या मनीमागे दूध आहे, छप्पर आहे, पशुवैद्याची सुई आहे. तिला मागून माणसाचा पुरवठा आहे आणि पुढून माणसानेच टाकलेले दाणे. अमेरिकेत २०१३ साली काढलेला अंदाज असा की तिथे मांजरं वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात, त्यात मोठा वाटा बेवारशी मांजरांचा. न्यूझीलंडजवळच्या स्टीफन्स बेटावर १८९४ साली दीपगृह आलं, माणसांबरोबर मांजर आलं, आणि तिथला एक न उडणारा चिमुकला पक्षी जगाला ठाऊक झाला तो मांजरांनी आणून टाकलेल्या मेलेल्या नमुन्यांवरून. काही थोड्या वर्षांत तो संपलाही. शोध आणि शेवट, दोन्ही एकाच तोंडून.

तोंडाचं आठवलं म्हणून सांगते. दक्षिणेतल्या वैष्णवांत एक जुना वाद आहे, मर्कटन्याय की मार्जारन्याय? माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरतं, तसं भक्ताने देवाला धरायचं; की मांजरीचं पिल्लू स्वस्थ पडून राहतं आणि आईच त्याला उचलते, तसं देवावर सोडून द्यायचं? मनीला गेल्या श्रावणात तीन पिल्लं झाली. तिने त्यांना कोठीतून माळ्यावर, माळ्यावरून धुण्याच्या टोपलीत, असं सात वेळा हलवलं. ज्या दातांनी होल्याची मान मोडली, त्याच दातांत पिल्लाची मान धरून ती जिना चढत होती आणि पिल्लाच्या कातडीवर ओरखडा नव्हता. देवाची उपमा म्हणून मांजर निवडणाऱ्या त्या पंडितांनी दुसरंही पाहिलं असणार. आणि तरी निवडली. यावर मी बरेच दिवस विचार केला आणि अजून माझ्या हाती काही लागलेलं नाही.

धन्याची जबाबदारी म्हटली की मला गांधीजी आठवतात. आमच्या गावात त्यांचं नाव निघायला निमित्त लागत नाही: १९३६ च्या डिसेंबरात खेड्यात भरलेलं पहिलं काँग्रेस अधिवेशन फैजपूरचं, अध्यक्ष नेहरू, नंदलाल बोसांनी बांबू-चटयांतून उभारलेलं टिळकनगर, माय तेव्हा लहान होत्या, त्यांना फक्त गर्दी आठवायची आणि धूळ. पण मला आठवतात ते त्याच्या दहा वर्षं आधीचे गांधी. १९२६ मध्ये अहमदाबादच्या एका गिरणीमालकाने आवारातली साठ भटकी कुत्री मारवली. गावभर आरडाओरडा झाला, आणि सगळ्यांना वाटलं गांधी आता त्याला फाडून खाणार. गांधींनी उलट त्याची बाजू घेतली आणि कुत्र्यांना रस्त्यावर तुकडे टाकणाऱ्यांना धारेवर धरलं. ही दया नव्हे, असं त्यांचं म्हणणं. कुत्र्यावर माया आहे तर त्याला घरी ठेव, नीट खाऊ घाल, त्याचा भार घे. नुसता तुकडा टाकून पुण्य गाठीला बांधायचं आणि पुढचं इतरांनी भोगायचं, हा समाजाचा गुन्हा. पत्रांचा पाऊस पडला, शिव्या आल्या, तरी ते आठवड्यामागून आठवडे लिहीत राहिले. मला त्यांचा साठ कुत्र्यांबद्दलचा निवाडा आजही पचत नाही. पण तुकड्याबद्दल ते बरोबर होते. तुकडा टाकला की नातं सुरू होतं, संपत नाही.

आता मी काय केलं ते. घंटा बांधली. ‘मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार’ असं जग विचारतं. मी बांधली, काही अवघड नाही, एक वाटी दूध लागतं. यात्रेतून आणलेलं पितळी घुंगरू. पंधरा दिवसांत मनी घुंगरू न वाजवता चालायला शिकली. तिचं चालणं आधीपेक्षा संथ आणि जास्त भयानक झालं. इंग्लंडातल्या एक्सेटर विद्यापीठाने २०२१ साली मांजरवाल्या घरांचा अभ्यास केला, त्यातही घुंगरांचा ठळक परिणाम दिसला नाही. ज्यांचा दिसला त्यांतल्या दोन गोष्टी अशा: मांसाचं प्रमाण भरपूर असलेला खाऊ दिल्यावर घरी आणलेली शिकार ३६ टक्के घटली, आणि रोज पाच-दहा मिनिटं मांजराशी पिसांच्या काठीने खेळल्यावर २५ टक्के. म्हणजे होड मोडता येत नसेल तर तिला दुसरा ससा द्यायचा. साठी उलटलेली बाई संध्याकाळी सुतळीला कापसाचा गोळा बांधून मांजरापुढे नाचवते, हे पाहून ह्यांनी बरेच दिवस गंमत केली. आता सुतळी त्यांच्याच हातात असते.

जास्वंद मी छाटली. दाण्यांची जागा झुडपापासून दूर, भिंतीच्या मोकळ्या अंगाला, पेरूला न टेकणाऱ्या तारेवर टांगलेल्या ताटात. खाली पत्र्याची गुळगुळीत पट्टी, मांजराची नखं रुतू नयेत म्हणून. पाणी त्याच्या बाजूला. आणि मुख्य म्हणजे सकाळी उजाडल्यापासून साडेनऊपर्यंत मनी आत, दार लावून. पहिले आठ दिवस तिने दार असं ओरबाडलं की शेजारी चौकशीला आले. चिमण्यांनी नवी जागा स्वीकारायला जवळजवळ महिना घेतला. सातभाई दुसऱ्याच दिवशी आले, त्यांना कुठेही भांडता येतं. होले अजून जुन्याच जागी, छाटलेल्या जास्वंदीखाली येतात, जिथे आता काही नाही, आणि माती टिपून जातात.

आता सकाळी मी ताट भरते आणि खिडकीशी चहा घेऊन बसते. मनी आतल्या बाजूने खिडकीच्या चौकटीत. बाहेर चिमण्या उतरल्या की तिचा खालचा जबडा थरथरतो, दातांवर दात वाजतात, एक बारीक किटकिट आवाज येतो. शिव्या देतेय की मागणं मागतेय, कळत नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवते, आणि पाठीचा प्रत्येक स्नायू ताणलेला हाताला लागतो. काच मधे आहे एवढंच.

रात्री मात्र कोठीच्या खोलीचं दार मी उघडं ठेवते. जुन्या भिंतीतून उंदीर अजून येतात, आणि दादरची पोती तिथेच आहेत. दोन-तीनदा मध्यरात्री पोत्यांमागून चीं असा एकच आवाज आलाय, आणि मग शांतता. मी उठून पाहत नाही. शेठजींना, जिजींना मी होल्याबद्दल सगळं विचारलं. या आवाजाबद्दल अजून कोणाला काही विचारलेलं नाही. सकाळी पोत्यामागे केरसुणी फिरवते, जे सापडेल ते कागदात गुंडाळून परसात पुरते, हात धुते आणि मूठभर दादर घेऊन अंगणात जाते.